फाडलेली नोटीस

बाबांची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मनोजने माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. माझ्या नावाचं शपथपत्र होतं. पाहुणे निघून गेले होते. अंगणातला मांडव सोडणारी माणसं बांबू गाडीत भरत होती आणि माय आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती.

मनोज माझा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी तो इंग्लंडहून एकटाच परतला. त्याची बायको हर्षा मूळ मोर्शीची. ती तिकडे दवाखान्यात नर्स आहे. त्यांची मुलगी सई आता आठ वर्षांची. सईच्या पालनपोषणाचा खर्च मनोजने द्यावा, असा आदेश तिकडच्या न्यायालयाने दिला. मनोज अकोल्यात राहतो, ठिबकच्या साहित्याचं दुकान चालवतो, म्हणून तो आदेश अंमलबजावणीसाठी अकोल्याच्या न्यायालयात आला होता. मनोजने हरकत घेतली. त्याचे वकील काळमेघ यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या खटल्याची खबरच माणसाला नव्हती, त्यातला आदेश इथे लागू करता येत नाही. अडचण एवढीच, की तिकडून आलेली नोटीस आमच्या अमरावतीच्या घरी पोचली होती आणि पोचपावतीवर बाबांची सही होती.

शपथपत्रात त्यावर तोड काढली होती. वडील वृद्ध आणि विसराळू झाले होते. पाकीट त्यांनी घेतलं आणि कुणालाही न दाखवता फाडून टाकलं. मुलाला त्याची कल्पना नव्हती. हे सगळं मला प्रत्यक्ष माहीत आहे, असं खाली लिहिलं होतं.

फाडून टाकलं, एवढं खरं होतं.

आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचायचं, सगळ्यांना ऐकवायचं आणि तिथेच फाडायचं. मग आंघोळ. पोस्टकार्डं गेली, तरी तेरवीच्या छापील पत्रांसाठी बाबा ही रीत पाळत. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस, मुहूर्त मानत नसे, पण हे मानत असे.

नोटीस आली तो तीन वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार होता. बाबांनी ती वाचली, घडी करून परत पाकिटात घातली आणि मनोजला फोन केला, रविवारी ये. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, मलाही बोलावलं. रविवारी आम्ही चौघं जमलो. बाबा एकेक परिच्छेद इंग्रजीत वाचत आणि मायसाठी मराठीत सांगत. सुनावणी कधी, उत्तर कुठे पाठवायचं, नाही पाठवलं तर काय होईल. मनोज दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

"पोरगी तुही हाय," बाबा शेवटी म्हणाले. "तिच्यासाठी कोर्टानं तुले कागद धाडावा लागते?"

बाबांनी कागदांचे चार तुकडे केले, ते मोरीजवळच्या टोपलीत टाकले आणि आंघोळीला गेले. त्यानंतर त्यांनी सईचं नाव घेतलं नाही. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. ज्या कागदाला उत्तर द्यायचं असतं तो फाडायचा नसतो, हे मला कळत होतं. मी तुकडे पाहत बसून राहिले.

आता मी मनोजला विचारलं, विसराळू हे कुणी लिहिलं. वकिलांनी, तो म्हणाला. बाबांना शेवटच्या दिवसापर्यंत जुन्या विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक आठवत होते, असं मी म्हटलं.

"ताई, बाबा आता नाईत. त्याईले काय फरक पडते? मले पडते."

तो निर्दयपणे बोलत नव्हता. दीड वर्षात त्याला सई फोनवरही दिसली नव्हती. आदेश इथे पक्का झाला, की आपण फक्त खर्च पाठवणारा बाप उरणार. सगळं पहिल्यापासून सुरू झालं तर निदान आपलं कुणी ऐकेल, असं तो सांगत राहिला. त्यात तथ्य होतं, म्हणून मला लगेच नाही म्हणता आलं नाही. कागद मी रात्रभर ठेवून घेतला. सकाळी सही न करता परत दिला.

"हर्षाकडून झाली तू?"

"नाई. मी त्या रविवारी इथं होती."

मग महिनाभर त्याचा फोन आला नाही. हर्षाच्या बाजूने मिस्बाह नावाच्या तरुण वकील होत्या. नोटीस ज्या घरी आली तिथे राहणाऱ्या मायलाच साक्षीला बोलवावं, असा अर्ज त्यांनी केला. समन्स घेऊन माणूस आला तेव्हा माय त्याला पाणी द्यायला उठली आणि दारातच खाली बसली. मी मिस्बाह यांना फोन करून म्हटलं, आईला सोडा, मी येते.

अकोल्याच्या न्यायालयात मी शुक्रवार सांगितला, रविवार सांगितला, कोण कुठे बसलं होतं तेही सांगितलं. मनोजने सगळं ऐकलं का, असं मिस्बाह यांनी विचारलं. ऐकलं, मी म्हटलं. बाबा वाचायला लागले की शेवटपर्यंत वाचत. मनोज समोरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. खबर नव्हती हा मुद्दा तिथेच संपला, हे काळमेघ यांच्याही लक्षात आलं असावं. तरी ते उठले.

"तुमचे वडील शिकलेले, समजदार होते, असं तुम्ही म्हणता."

"हो."

"विसराळू नव्हते."

"नाही."

"मग उत्तर द्यायचं आहे हे माहीत असून त्यांनी नोटीस फाडली. हे बरोबर केलं का त्यांनी?"

घरातून निघताना मी बाबांसाठी चालले आहे, असं मला वाटत होतं. विसराळू हा शब्द त्यांच्या नावापुढून काढायचा, एवढंच डोक्यात होतं. उत्तर रीतीत सापडतं का, ते मी पाहिलं. पण रीत मेलेल्यांसाठी आहे, आणि सई तेव्हा पाच वर्षांची होती, जिवंत होती, तिकडे इंग्लंडात, लेस्टरमध्ये शाळेत जात होती. मनोज पहिल्यांदाच माझ्याकडे पाहत होता.

"चुकलं त्यांचं," मी म्हटलं. "आणि आम्ही तिघं पाहत बसलो, आमचंही."

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला शब्दशः सांगितलं. जबानी टाइप होऊन आली तेव्हा मी ती पूर्ण वाचली. बाबांचं नाव बरोबर लिहिलं होतं. मी खाली सही केली.