मावशीला कोण ‘तुम्ही’ म्हणतं?

सरकारने मानवी तस्करी रोखायचं मनावर घेतलं आणि त्याची पहिली झळ व्याकरणरावांच्या पंख्याला बसली.

व्याकरणराव हे बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागचे बाबू. खरं नाव पगारापुरतं. बाकी साऱ्या स्थानकात ते व्याकरणराव. कारण “काका, बस लागली का?” असं कुणी विचारलं, की ते आधी “कुणाला लागली? फार लागली का?” असं काळजीने विचारत आणि मग फलाट सांगत. भोंग्यावरून गाड्यांची घोषणाही तेच करत. ती घोषणा इतकी शुद्ध असे, की कुणालाही कळत नसे. ‘प्रस्थानोन्मुख’ हा शब्द हवेत विरेपर्यंत गाडी निम्म्या रस्त्यात पोचलेली असे.

तर त्यांच्या या खोलीत एके सकाळी दुसरं टेबल आलं, टेबलामागे एक मॅडम आल्या आणि पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळलं. भिंतीवर पाटी लागली : ‘मानवी तस्करी प्रतिबंध व पीडित साहाय्य कक्ष’. मॅडमबरोबर एक महिला पोलीसही आली. तिची जागा बाहेर, गाड्या सुटतात त्या गेटापाशी.

व्याकरणरावांनी पाटी वाचली आणि त्यांना जरा बरं वाटलं. “मॅडम, पाटीत चूक आहे. तस्करी मालाची होते. माणसांची कशी होईल?”

मॅडमनी चष्मा वर सरकवला. “अगदी बरोबर पकडलंत. काही लोक हीच चूक धंदा म्हणून करतात, माणसाला माल समजतात. ती दुरुस्त करायलाच सरकारने मला इथं बसवलंय.”

उत्तर चांगलं होतं. त्यामुळे व्याकरणराव आणखीच चिडले.

मग प्रशिक्षण झालं. चालक, वाहक, हमाल, कॅन्टीनवाला, सगळ्यांना बसवून मॅडमनी सांगितलं, “पोरीच्या हातात बेड्या दिसतील म्हणून थांबू नका. बहुतेक जणी हसत हसत निघतात, कारण कुणीतरी ओळखीच्याने चांगल्या नोकरीचं आमिष दाखवलेलं असतं. तिचा फोन दुसऱ्याकडे असतो. तिला विचारलेल्याचं उत्तर दुसरंच कुणी देतं. कुठं उतरायचंय ते तिला धड माहीत नसतं. असं काही खटकलं तर फक्त मला सांगा. पुढचं आम्ही बघू.”

व्याकरणरावांनी सगळं ऐकून फळ्यावरच्या ‘पीडित’मधली वेलांटी तेवढी दुरुस्त केली. खोलीत परतल्यावर म्हणाले, “हे सगळं ठीक आहे, पण आपल्याला काय करायचंय? मी चौकशीला बसतो. लोक मला विचारतात. मी कुणाला काही विचारत नाही.”

“गंमतच आहे,” मॅडम म्हणाल्या. “शेजाऱ्याच्या मुलाला पगार किती, त्यांच्या सुनेचं माहेर कुठलं, हे आपण जिन्यात गाठून विचारतो. आणि एखादी पोर भेदरलेली दिसली, की एकदम सभ्य होतो! म्हणे, दुसऱ्याच्या खाजगीत कशाला नाक खुपसायचं?”

व्याकरणराव म्हणाले, “खाजगीत नव्हे, खासगीत.”

असे दिवस चालले होते. आणि एका भर दुपारी खिडकीशी एक मुलगी आली. छातीशी बॅग धरलेली, वेणी घट्ट, पायात नव्या कोऱ्या चपला. तिच्या मागे एक बाई, पर्स काखोटीला मारून दुसरीकडेच बघत उभी.

“मावशी, तुम्ही सावलीत थांबा, मी विचारून येते,” मुलगी मागे वळून म्हणाली आणि खिडकीत वाकली. “काका, सीमेकडची बस कुठं लागते?”

लागण्यावरून नेहमीचा विनोद करायचंही व्याकरणरावांना सुचलं नाही. कानात काहीतरी खुपलं होतं. “शेवटचा फलाट,” ते म्हणाले.

मुलगी घुटमळली. “ते किती लांब आहे, काका?”

“फलकावर लिहिलंय.”

“चल गं,” बाई मागून म्हणाली. “त्यांना कशाला उगाच त्रास?”

दोघी गेल्या. व्याकरणरावांनी चहाचा कप उचलला आणि खुर्ची मॅडमकडे वळवली. “भाषेचं पार वाटोळं झालंय बघा. आत्ताची ती पोरगी! मावशीला ‘तुम्ही’ म्हणत होती. अहो, आईला आपण तू म्हणतो, आजीला तू, आत्याला तू, देवालासुद्धा तू! मग मावशीला कोण ‘तुम्ही’ म्हणतं? मी लहानपणी एकदा थट्टेत म्हणालो, तर ताप आलाय का म्हणून माझ्या मावशीने कपाळाला हात लावून पाहिला.”

मॅडमचा कप ओठांपाशीच थांबला. “पुन्हा सांगा.”

“ताप आलाय का म्हणून...”

“ते नाही हो! कोण पोरगी? कुठल्या गाडीला?”

“सीमेच्या. असेल माझ्या भाचीएवढी. किती लांब आहे, विचारत होती.”

“व्याकरणराव,” मॅडम ताडकन उठल्या, “ती तिची मावशी नाहीच!”

व्याकरणरावांनी कप खाली ठेवला. तरी सवय सुटेना. “असते हो एखाद्या घरात तशी रीत.”

“असते ना! तर हात जोडून माफी मागू. आपण चुकलो तर होऊन होऊन काय होईल? एक बस उशिरा सुटेल. बस उशिरा सुटल्याचं या स्थानकात कुणाला कधी नवल वाटलंय? पण आपला संशय खरा निघाला आणि आपण इथं चहा पीत बसलो, तर?”

व्याकरणरावांनी खिडकीतून पाहिलं. सीमेची गाडी मागे येत होती, वळत होती! तिच्या चालकाला सगळे ‘विमान’ म्हणत, कारण त्याला दोनच गोष्टी जमत : उभं राहणं आणि उड्डाण.

“गाडी थांबवा!” मॅडम दाराकडे धावत ओरडल्या. “पण त्या बाईला सुगावा लागू देऊ नका!”

व्याकरणरावांनी भोंग्याचं बटण दाबलं. “सीमाप्रांताकडे प्रस्थानोन्मुख वाहनाच्या चालक महोदयांनी...”

“साधं बोला हो! साधं!”

व्याकरणरावांच्या डोक्यातले सगळे जडजड शब्द एकदम पसार झाले आणि उरलं ते तोंडातून बाहेर पडलं : “अरे विमान, थांब! तुझ्या सासूबाई भेटायला आल्यात!”

त्या स्थानकाच्या इतिहासात व्याकरणरावांची घोषणा पहिल्यांदाच सगळ्यांना कळली. विमानलाही कळली. त्याने ऐकली मात्र, आणि गाडीचा वेग दुप्पट केला.

आता मात्र व्याकरणराव स्वतः पळत सुटले. खिडकीमागे उभी हयात गेलेल्या या माणसाला पायही आहेत, हे पुष्कळ जणांना त्या दिवशी कळलं. ट्रंकांवरून उड्या मारत, एका झोपलेल्या प्रवाशाला ओलांडत, “सरका! सरका!” असं अशुद्ध किंचाळत ते गेटापाशी पोचले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले. ब्रेक करकचले. गाडीचं नाक आणि व्याकरणरावांचं पोट यांच्यात जेमतेम हवा जायला जागा उरली.

विमानने घाबरत डोकं बाहेर काढलं. “कुठं आहेत सासूबाई?”

“नाही रे आल्या!”

“देवमाणूस आहात!” विमान म्हणाला आणि त्याने आपणहून इंजिन बंद केलं.

मॅडम धापा टाकत गाडीत चढल्या, मागोमाग व्याकरणराव. मुलगी तिसऱ्या बाकावर होती. मॅडम तिच्याजवळ टेकल्या आणि शेजारणीने विचारावं तसं त्यांनी विचारलं, “कुठं निघालीस, बाळ?”

“माझ्याकडे, सुट्टीला,” बाई म्हणाली.

“नोकरीला,” त्याच क्षणी मुलगी म्हणाली.

बाई हसली. “म्हणजे, सुट्टीतली नोकरी. माझ्या बहिणीची पोर आहे. काही अडचण?”

“नोकरी कसली गं?” मॅडमनी मुलीलाच विचारलं.

“पार्लरमध्ये. खरंच आहे, यांनी फोटो दाखवलेत मला!” मुलीचा आवाज चढला. “तुम्ही का अडवताय? माझी नोकरी घालवाल! घरी मी सगळ्यांशी भांडून निघालेय.”

गाडीत कुजबुज वाढली. मागच्या बाकावरून एक गृहस्थ ओरडले, “सोडा ना गाडी! आपल्याला काय करायचंय?”

व्याकरणराव दचकले. वाक्य त्यांचंच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. छे! किती ओंगळ दिसतं हे!

ते मुलीसमोर वाकले. “बाळ, मघाशी तू मला काही विचारलंस आणि मी तुला धड उत्तर दिलं नाही. चुकलं माझं. आता मी विचारतो. तुला उतरायचंय कुठं?”

मुलगी बाईकडे बघू लागली.

“पार्लरचं नाव काय?”

तिने मान खाली घातली.

“बरं, तुझा फोन कुठाय?”

“मावशींकडे. हरवेल म्हणून त्यांनी ठेवलाय.”

“मग मागून घे आणि आईला लाव. मावशींनी दिला, तर तुमच्या बॅगा मी सीमेपर्यंत डोक्यावरून नेईन!”

मुलगी बाईकडे वळली. “मावशी, माझा फोन द्या ना.”

“पोचल्यावर देते.”

“आत्ता द्या. फक्त आईला लावते.”

“बस म्हटलं ना गप! तिथं गेल्यावर तुला फोन लागणारच नाहीये!”

सगळ्या गाडीने माना वळवल्या. त्या मागच्या गृहस्थांनीसुद्धा.

“म्हणजे?” मुलगी उठून उभी राहिली. “लागणार नाही म्हणजे?”

बाईने पर्स उचलली आणि दाराकडे धूम ठोकली. दारात महिला पोलीस उभी होती. पर्समधून मुलीचा फोन निघाला, बंद करून ठेवलेला. आणि बंद करून ठेवलेले आणखी दोन फोन निघाले. ते फोन ज्यांचे त्या दोघी कोण, कुठं आहेत, याच्या शोधाला कक्षाची माणसं त्याच तासाला लागली, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या एका कुलूपबंद घरातून दोघीही सुखरूप बाहेर आल्या!

मुलीला खोलीत आणून पंख्याखाली बसवलं. “मला पोलीस धरणार का?” ती म्हणाली. “मी माझ्या पायांनी आले होते.”

“फसणं हा गुन्हा नाही गं, फसवणं हा आहे,” मॅडम म्हणाल्या. “कायदा तुझ्या बाजूचा आहे. तुझं नाव कुठं छापून येणार नाही. वकील सरकार देईल, जबाब देताना शेजारी मी बसेन. राहायला जागा हवी तर आमचं निवासगृह आहे. पार्लरचं काम शिकायचं असेल तर तिथं वर्गही आहे. सरकारी आहे, त्यामुळे आरसे जरा कमी आहेत. पण त्या घराची दारं आतून उघडतात.”

व्याकरणरावांना आता स्फुरण चढलं होतं. “छे छे! हिला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा! मी स्वतः नेऊन सोडतो, हिच्या आईशी मी बोलतो, मी...”

“व्याकरणराव,” मॅडम हळूच म्हणाल्या, “मघापासून हिच्या वतीने ती बाई बोलत होती. आता तुम्ही बोलताय.”

व्याकरणरावांनी जीभ चावली. स्टूल ओढून ते मुलीसमोर बसले. “तुला काय हवंय, बाळ?”

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. हा प्रश्न तिला बहुधा नवा होता. मग डोळे पुसत म्हणाली, “आधी मला भूक लागलीये. मग आईला फोन. मग... पुढचं मग सांगते.”

व्याकरणराव कॅन्टीनकडे पळाले.

मंडळी, सरकार कायदा करू शकतं, टेबल मांडू शकतं, रात्रंदिवस चालणारा मदतीचा फोन ठेवू शकतं, निवासगृह उघडू शकतं. ते त्याने करायलाच हवं, आणि करतंय तिथं त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. पण ती मुलगी जेव्हा प्रवासात आपल्या शेजारी येऊन बसते, तेव्हा तिथं सरकार नसतं, आपण असतो. काही खटकलं तर गप्प बसू नका. विचारा, कळवा. चुकलात तर थोडे ओशाळाल, आणि ते ओशाळेपण घरी पोचेपर्यंत उतरेल. आणि ती वाचली, तर पुढचं काय ते तिलाच विचारा. उत्तर द्यायला तिला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.