गौतमीच्या हातातला खडू

मांडवगणजवळच्या वस्तीशाळेत गौतमी पाचवीला होती, पण दिवसभर असायची पहिलीच्या पोरांपुढं. सर एकटे आणि वर्ग पाच, म्हणून हुशार पोरीच्या हाती खडू दिलेला. तिची आई अंजना “माझी लेक मास्तरीण झाली” म्हणत वस्तीभर मिरवायची.

आज सकाळी लेक म्हणाली, “आई, गणिताचं पुस्तक मी दिवाळीलाच संपवलं. सर सहावीचं शिकवतच न्हाईत.”

अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुरपं बांधावर टाकून ती थेट वर्गात शिरली.

“सर, हिला पुढचं गणित का न्हाई शिकवत?”

“अहो ताई, ती पुढचं शिकत बसली तर ह्या बारक्यांना कोण बघणार?”

“तुमचा पोरगा रुद्र सहावीत असून शिरूरच्या क्लासात आठवीची गणितं करतो, तुम्हीच सांगता. त्याला कुणाची पोरं सांभाळाया लावली?”

अंजनानं लेकीच्या हातातला खडू काढून सरांच्या हातावर आपटला, पदर खोचला आणि पहिलीच्या पोरांत फतकल मारून बसली.

“ह्यांना मी सांभाळते. घाला सहावीचं गणित फळ्यावर.”