पायडलची गोधडी

गाडीत पेटी ठेवली की मधुकरराव चपला डिकीत टाकत. सत्तावीस वर्षांचा नेम. देवापुढे वाजणाऱ्या पेटीशेजारी चपला घालून बसायचं नाही, मग हातात स्टिअरिंग का असेना. मागच्या सीटवर रुखमाबाई, मांडीवर चिपळ्या, ओठांत संध्याकाळच्या कीर्तनाचा पूर्वरंग. त्या कीर्तन सांगणार, हे पेटीवर साथ करणार; नागपुरात ही जोडी पोचली नाही असं देऊळ विरळंच.

त्या एकादशीला सहा वाजता कळमन्याला कीर्तन होतं, आणि तीन वाजता गाडी सदर भागातल्या एका गल्लीत, नागसेनच्या गॅरेजात उभी होती. रुखमाबाई बाहेर लिंबाखाली खुर्चीवर बसून टिपणं चाळत होत्या.

"महिना झाला गा, गाडी पुढं सरकतच नाई," मधुकरराव म्हणाले. "कोनी मागून पदर धरल्यावानी. वर जळका वास येते." मग लिंबाकडे पाहत त्यांनी आवाज उतरवला. "गाडीत काही नसन. शुगरनं माहा उजवा पाय बधिर झाला. तो ब्रेकवरच राहत असन अन् मले समजत नसन. तसंच निघालं तर आज चाबी ठेवून देतो. पण तिले सांगू नको."

"मंग काकूले कीर्तनाले कोन नेईन?" नागसेननं विचारलं.

मधुकरराव बॉनेटवरची धूळ पुसू लागले.

"काका, मी डॉक्टर गाडीचा. पहिले तिची नाडी पाहू द्या."

नागसेननं पुढच्या चाकांजवळ तळहात नेला. दोन्ही तव्यासारखी तापलेली. त्यानं जॅक लावून चाक उचललं आणि फिरवायला गेला. चाक हललं नाही.

"तुमचा पाय कुठी हाये आता?"

"हा काय, इथं."

"अन् चाक तरी फिरून नाई राहिलं. मंग पायाले काहून बदनाम करून राहिले?"

मधुकरराव स्टूल ओढून चाकाजवळ बसले.

नागसेननं चाकामागचा बारीक नट सैल केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि तेच चाक भिंगरीसारखं फिरलं. "चाकात काही नाई. दाब अडकला. पायडल पुरं वर आलं नाई तर ऑइल टाकीत परत जात नाई. तापते, फुगते अन् चाकाले धरून ठेवते." टॉर्च घेऊन तो पायडलखाली शिरला. मग आतून त्याचं हसणं ऐकू आलं. "काका, हे गोधडीचं काम कोन्या मेकॅनिकचं?"

ब्रेकच्या पायडलवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची जाडसर गादी शिवलेली होती. ती मधुकररावांनी पाहिलेली होती. बायकोची हौस म्हणून सोडून दिली होती. पण गादीचा खालचा काठ पक्क्या दोऱ्यानं पायाखालच्या मॅटला टाचलेला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. टाचेनं रेटून रेटून मॅट पुढे सरकली होती आणि दोऱ्यानं पायडल जवभर खाली ओढून धरलं होतं.

रुखमाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "मीच टाचली बाप्पा. गादी सरकू नये म्हणून."

"पण गादी कायले?" मधुकररावांनी विचारलं.

"जन्माष्टमीच्या आरतीत जळता कापूर तुमच्या पायावर पडला. मी पाह्यलं. तुमी पेटी वाजवतच राह्यले." त्यांनी गादीकडे बोट दाखवलं. "उघड्या पायाले पायडल घासन अन् तुमाले समजनार नाई, म्हटलं. तेवढंच मऊ."

"म्हणजे तुले माहीत होतं? मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलले का?"

नागसेननं मान खाली घालून दोरे कापले. ब्रेक पॅडवरची चकाकी पॉलिशपेपरनं घासली, नवीन ऑइल भरलं, नळ्यांतली हवा काढली. पायडल टक्‌कन वर आलं. "घ्या. पाय निर्दोष सुटला."

मधुकरराव पायडलकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी चाबी नागसेनच्या हातात ठेवली. "नाई गा. महिनाभर पायडल ओढून होतं. चांगल्या पायाले पहिल्याच दिवशी समजलं असतं. उद्या समोर एखादं लेकरू आलं तर?"

रुखमाबाईंच्या हातातली टिपणं मिटली. कळमना त्यांना फार लांब वाटू लागलं.

नागसेननं चाबी फिरवली. "ट्रायल तर घ्याच लागते. कळमन्यापर्यंत जातो, चाकं तपासतो. अन् असं काम झालं की दर एकादशीले ट्रायल लागते. बसा मागं, दोघंही."

"दर एकादशीले? असं कोन्या पुस्तकात लिहिलं हाये?"

"गॅरेज माहं हाये, काका."

सत्तावीस वर्षांत मधुकरराव पहिल्यांदा मागे बसले. पेटी पुढच्या सीटवर. चपला नेमाप्रमाणे डिकीत. गाडी निघाली आणि कुणी पदर सोडावा तशी हलकी धावली.

"पाय इकडे द्या," रुखमाबाई म्हणाल्या.

"अवं, कीर्तनाले चालली तू."

"द्या म्हणते ना."

त्यांनी चष्मा लावला, उजवा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहिल्या. टाचेजवळ एक जुनी जखम होती, बारीक. त्यांनी ती पदरानं टिपली. "उद्या डॉक्टरकडे," म्हणाल्या, आणि पाय तसाच धरून पूर्वरंग गुणगुणायला लागल्या. मधुकररावांनी तो आजवर देवळात पेटीच्या आणि गाडीत इंजिनाच्या आवाजातच ऐकला होता. कडव्याच्या आधी तिचा श्वास किंचित अडखळतो, हे त्यांना आज कळलं. आपल्या गुडघ्यावर त्यांची बोटं पेटीचे सूर धरू लागली. तिथं थोडं थांबायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा.

देवळापाशी उतरून नागसेननं चारही चाकांजवळ हात नेला. "नॉर्मल हाये काका! एकही तापलं नाई!"

काका उत्तर द्यायला मोकळे नव्हते. रुखमाबाई डिकीतून चपला काढून आणेपर्यंत त्यांना गाडीतून खाली उतरायची परवानगी नव्हती.