डोक्याला डोकं

लतिकाने माझ्या मुलीचे केस कापले. मला न विचारता कापले, आणि वर फोनवर म्हणाली, "थँक्यू तरी म्हण, गिरिजा." शहाण्णव सालची गोष्ट, पण आजही आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आधीच्या वर्षापर्यंत लतिका दिल्लीत आर. के. पुरमला आमच्याच जिन्यात, वरच्या क्वार्टरमध्ये राहायची. मग तिच्या नवऱ्याने, विक्रांतने, सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली आणि मंडळी गुडगावच्या नव्या सोसायटीत गेली. तिचा हॉल आमच्या अख्ख्या क्वार्टरएवढा, म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतल्या मुलींच्या नाचाची तालीम दर शनिवारी तिच्याकडे. जुलैतल्या एका शनिवारी माझी नऊ वर्षांची अबोली तिथेच झोपायला राहिली. रविवारी परत आली तेव्हा कमरेपर्यंतची वेणी गायब, आणि केस कानांच्या वर. वेणी लतिकाने प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठवली होती, कचऱ्यात टाकायला.

"अगं, उवा होत्या तिच्या डोक्यात. लिखासुद्धा," लतिका म्हणाली. "तुमच्या तिथली ती बस, ती गर्दी, त्यात तू तेल चोपडतेस. होणारच ना, यार. आणि त्या उडतात. माझ्या मयुराच्या डोक्यात गेल्या असत्या म्हणजे? आमच्याकडे रोज शाम्पू असतो."

दिल्लीत वाढलेल्या त्या मुलींना लिखा म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? मयुराने आईला विचारलं होतं, "क्या लिखा है?" झालं. पुढच्या तालमीला सगळ्याजणी अबोलीभोवती फेर धरून विचारू लागल्या, "अबोली, तेरे सिर पे क्या लिखा है?" केस कापताना न रडलेली माझी पोर त्या दिवशी रडत घरी आली आणि ऐन उकाड्यात माकडटोपी घालून बसली.

"केसच ना, वाढतील," माझे यजमान मुरलीधर म्हणाले. त्यांच्या टकलाकडे बघून मी उत्तर गिळलं. पण लतिकाला सोडायचं नाही, हे त्याच क्षणी ठरलं. तिच्या त्या शाम्पूच्या डोक्यात उवा पडल्या पाहिजेत आणि ते मंडळाच्या बायकांनी बघितलं पाहिजे.

गुरुवारी मी अबोलीचं डोकं पांढऱ्या कागदावर विंचरलं आणि नऊ उवा कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरल्या. शनिवारी तालीम रंगात आली तशी लतिकाच्या बेडरूममध्ये शिरले, तिच्या उशीवर डबी उलटी केली. नऊच्या नऊ मेलेल्या. मी त्या पदराने टिपून घेतल्या आणि हात हलवत बाहेर आले.

सोमवारी अबोलीला घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या पंजाबी डॉक्टरीणबाईंना मी आडून विचारलं, उशीवर पडलेली ऊ किती जगते?

"सिर से उतरी तो एक-दो दिन में ख़त्म," त्या म्हणाल्या. "न उड़ती है, न कूदती है. सिर से सिर लगे, तब जाती है. तेल, शैम्पू, अमीर, गरीब, उसे क्या मतलब?" मग अबोलीच्या मानेवरून हात फिरवून त्या चिडल्याच. केस कापायची काही गरज नव्हती. ओल्या केसांना कंडिशनर लावायचं, बारीक फणीने मुळापासून विंचरायचं, दर तीन-चार दिवसांनी, दोनेक आठवडे, म्हणजे नवी अंडी फुटून निघालेल्याही सापडतात. आणि रॉकेल चुकूनही लावायचं नाही. एवढं सांगून त्यांनी माझ्या भांगाकडे पाहिलं. "आपके भी हैं, बहनजी."

मायलेकी एका उशीवर झोपतो, होणारच होत्या. पण दुसरी कुणी शरमली असती, मला आनंद झाला.

अबोलीचं डोकं मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं दोन आठवड्यांत स्वच्छ केलं. माझं तसंच ठेवलं. पाठीचं निमित्त करून वेगळी झोपायला लागले, घरीदारी डोक्याला घट्ट फडकं बांधायला लागले. रात्रंदिवस खाज सुटायची, पण दात-ओठ खाऊन सोसली. केसाने गळा कापणं म्हणतात, ते मला अगदी शब्दशः करायचं होतं.

लतिकाशी मी साखर पेरून बोलायला लागले. तिला सिंगापूरच्या सहलीचे फोटो कुणालातरी दाखवायचेच होते, आणि बाकीच्या बायका ते टाळत होत्या. मी म्हटलं, मला सगळे बघायचेत. एकशे चव्वेचाळीस फोटो! सोफ्यावर बसून मी फडकं सोडलं, "जवळचं नीट दिसत नाही गं," म्हणत तिच्या डोक्याला डोकं लावलं आणि दीड तास हललेच नाही. "हे कारंजं बघ," लतिका म्हणायची, की मी आणखी टेकायची. मधे चंद्रप्रभाबाई चहा ठेवून गेल्या. या लतिकाच्या स्वयंपाकीणबाई. सोलापूरहून आणलेल्या, विधवा, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहणाऱ्या. घरी गेल्यावर मी माझं डोकं विंचरायला घेतलं.

शेवटची तालीम महिन्याभराने झाली. मुलींच्या सहा आया आल्या होत्या, आणि लतिका पेन्सिलीने डोकं खाजवत होती. मला काय सुख झालं म्हणून सांगू!

"आमच्याकडे उवा झाल्यात," तिने स्वतःच सांगून टाकलं. "चंद्रप्रभाने आणल्या. ह्या लोकांची डोकी म्हणजे... आजच्या गाडीने सोलापूरला पाठवतेय तिला."

चंद्रप्रभाबाई दारातच उभ्या होत्या. पायाशी पत्र्याची ट्रंक आणि एक पिशवी. त्या माझ्याकडे बघत होत्या.

एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण समोर सहा बायका होत्या, पर्समध्ये फणी होती आणि दोन महिने मी याच दिवसाची वाट बघत होते. "थांब लतिका," मी म्हटलं, "कुणाच्या डोक्यात काय आहे ते बघूनच घेऊ."

मी चंद्रप्रभाबाईंना खुर्चीवर बसवलं, मांडीवर पांढरा नॅपकिन पसरला, अंबाडा सोडला. पिकायला लागलेले दाट केस खांद्यांवर आले. मुळापासून टोकापर्यंत, चारी बाजूंनी विंचरलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. नॅपकिनवर काही पडलं नाही, तो मी सगळ्यांना फिरवून दाखवला.

"आता तू ये."

लतिकाला नाही म्हणता येईना. पहिल्याच फणीला चार पडल्या आणि पांढऱ्या नॅपकिनवर चालू लागल्या. बायका मागे सरकल्या. "घाबरू नका, उडत नाहीत त्या," मी मोठ्याने म्हटलं. "तेल, शाम्पू, बस, गाडी, त्यांना काही कळत नाही. कापायचे का गं केस, लतिका? मलाही न विचारता कापता येतात."

ती रडली. मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. रडून झाल्यावर ती म्हणाली, "चंद्रप्रभा, तू जाऊ नको." चंद्रप्रभाबाई "नको, वहिनी," म्हणाल्या, त्यांनी ट्रंक आणि पिशवी उचलली आणि निघाल्या. मी त्यांच्यामागे खाली गेले. खरं सांगायचं तर त्या मला दुवा देतील, असं मला वाटत होतं.

फाटकाशी ऑटोची वाट बघताना त्या म्हणाल्या, "चहा ठेवताना बघितलं होतं मी. तुम्ही डोकं लावून बसला होतात, फोटोंकडे लक्षच नव्हतं. तेव्हा कळलं नाही. वहिनी खाजवायला लागल्यावर कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकणार, ताई? आज तुम्ही आलात तेव्हा वाटलं, तुम्ही सांगाल."

"मी सिद्ध केलं ना सगळ्यांसमोर. तुमच्या डोक्यात काही नाही म्हणून."

"सगळ्यांसमोर माझं डोकं उघडं केलंत," त्या म्हणाल्या. "विचारलंसुद्धा नाहीत."

ऑटो आली. त्यांचे केस अजून मोकळेच होते, दोन्ही हातांत सामान असल्यामुळे अंबाडा बांधता येत नव्हता. बांधून देऊ का, एवढंही विचारायची मला हिंमत झाली नाही.