अकरा नंबरची नाडी

वायरमनची बायको वॉर्डात आली तेव्हा सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत होती आणि ट्रॉलीचं एक चाक नेहमीप्रमाणे भलतीकडेच जात होतं. सात वर्षांत बाई पार वाळून गेली होती. सिस्टरने तिला पाहताक्षणी ओळखलं आणि ओळख दिली नाही.

"अपिलाची तारीख लागलीय," बाई म्हणाली. "वकील म्हणतात, तुम्ही लिहून दिलंत तर वरचं कोर्ट तुम्हाला परत साक्षीला बोलावेल. तेवढंच विचारायला आले."

ना रडणं, ना आरडाओरडा. रडणाऱ्या नातेवाइकांना कसं गप्प करायचं, हे सिस्टरला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. न रडणाऱ्यांचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मला निवृत्तीला दोन महिने राहिलेत," ती म्हणाली.

"आमच्या ह्यांना किती राहिलेत ते कुणालाच माहीत नाही," बाई म्हणाली आणि वकिलांचा पत्ता ट्रॉलीवर ठेवून निघून गेली.

प्रकरण तसं चार ओळींचं. विजेच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराला कुणीतरी भोसकलं, संध्याकाळी पाच वीसला. आदल्याच आठवड्यात वायरमनचं त्याच्याशी भर रस्त्यात वाजलं होतं. समोरच्या लाँड्रीवालीने दुकानातून एक माणूस पळताना पाहिला आणि पुढे कोर्टात वायरमनकडे बोट दाखवलं. "तो चेहरा मी विसरणं शक्य नाही," ती म्हणाली. लाँड्रीवाली खोटं बोलत नव्हती. तिला जे दिसलं असं वाटत होतं तेच ती सांगत होती, आणि अशा माणसापुढे कुणाचं काही चालत नाही.

त्या वेळी वायरमन तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर, याच वॉर्डात, बारा नंबरच्या खाटेवरच्या आपल्या बापाजवळ बसला होता. पुरावा म्हणजे केसपेपरवरची सिस्टरच्या हातची ओळ: साडेपाचला सलाईन बदलली, मुलगा हजर. ओळ खरी होती आणि वेळच्या वेळी लिहिलेली होती.

आता वॉर्डातली एक गोष्ट, जी बाहेरच्यांना सांगत नाहीत. खाटा चाळीस, सिस्टर दोन. प्रत्येकाचा ताप आणि नाडी दोनला, सहाला आणि दहाला लिहायची, हा नियम. हा नियम ज्याने केला त्याने वॉर्ड बहुधा लांबूनच पाहिला असावा. मग काय, दोनला बसलं की सहाचे रकानेही भरून टाकायचे. ज्याचं खरंच बिघडलंय त्याच्याकडे धावायचं, बाकी सगळ्यांची नाडी अठ्ठ्याहत्तर. नव्या मुली पहिला आठवडा डोळे मोठे करतात. दुसऱ्या आठवड्यात त्याही लिहू लागतात.

खटल्यात सरकारी वकिलाने विचारलं, "नोंदी वेळच्या वेळी करता?"

"वेळच्या वेळीच," सिस्टर म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्याने शेजारच्या अकरा नंबरचा चार्ट पुढे केला. डॉक्टरांनी त्या म्हाताऱ्याला पाच चाळीसला मृत घोषित केलं होतं. चार्टवर सहाची नाडी होती, अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे मेल्यावर तब्येत सुधारली म्हणायची," वकील म्हणाला. कोर्टात हशा पिकला आणि सिस्टरच्या खऱ्या ओळीचंही त्या हशात वाटोळं झालं.

मग वायरमनचा वकील उठला. "अकरा नंबरचा श्वास थांबलाय, हे तुम्हाला धावत येऊन कुणी सांगितलं? माझ्या अशिलानेच ना?"

त्यानेच सांगितलं होतं, सव्वापाचला. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग त्या पेशंटकडे तुम्ही स्वतः शेवटचं कधी पाहिलंत? दोन वाजता. नोकरी गेली असती, आणि घरात नवरा अंथरुणाला खिळलेला.

"आठवत नाही," सिस्टर म्हणाली.

वायरमनला जन्मठेप झाली. बाप त्याच महिन्यात गेला.

वायरमनची बायको येऊन गेली त्या संध्याकाळी सिस्टर घरी पोचली, चपला काढल्या आणि तशीच रिकाम्या पलंगावर बसून राहिली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. आता नवराही नव्हता आणि सबबही उरली नव्हती. तिला स्वतःचा इतका कंटाळा आला की जेवायचंही राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ती पत्ता शोधत वकिलाकडे गेली.

"चौकशी मागे लागेल तुमच्या," वकील म्हणाला.

"लागू दे. कुठे सही करू ते दाखवा."

वरच्या कोर्टातला सरकारी वकील तरुण होता, तरतरीत. "सात वर्षं मूग गिळून बसलात. तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा."

"आणि आज खरं बोलताय हे कशावरून?"

"तेव्हा खोटं बोलून माझी नोकरी वाचली. आज बोलून काय वाचणार आहे?"

न्यायाधीशांनी विचारलं, "सव्वापाच हीच वेळ, इतक्या वर्षांनी?"

"मनगट हातात घेतलं की आमची नजर आपोआप घड्याळाकडे जाते, साहेब. तो म्हणाला, सिस्टर, शेजारच्या काकांचा श्वास थांबलाय. मी म्हटलं, येते. तो म्हणाला, येते नाही, आत्ता चला. मी गेले. नाडी नव्हती. सव्वापाच झाले होते." ती थांबली. "विसरता आलं असतं तर बरं झालं असतं."

निकालात दोन्ही गोष्टी होत्या. लाँड्रीवालीने पळणारा माणूस क्षणभरच पाहिला होता आणि वायरमनला ओळखलं ते थेट कोर्टात, तेही तो आरोपीच्या जागी उभा असताना. आणि खुनाच्या पाचच मिनिटं आधी तो अर्ध्या तासावरच्या वॉर्डात एका मेलेल्या माणसासाठी सिस्टरला हाका मारत होता. वायरमन सुटला. सिस्टरला चौकशीची नोटीस आली आणि तिचं पेन्शन अडकणार हे नक्की झालं. तिने नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्यूटीवर गेली.

तीन आठवड्यांनी, भेटीच्या वेळेत, वायरमन वॉर्डात आला. सिस्टर तोंडाला मास्क लावून एका पेशंटची नाडी मोजत होती. अपिलाच्या सुनावणीला त्याला तुरुंगातून आणलंच नव्हतं, आणि या सात वर्षांत ती अर्धी झाली होती, केस पिकले होते, चष्मा लागला होता. वायरमनने वॉर्डभर नजर फिरवली आणि तो सरळ टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या सिस्टरपुढे जाऊन उभा राहिला. ती अंगाने भरलेली, काळ्याभोर केसांची होती. नोकरीला लागून तिला तीनच वर्षं झाली होती.

"ओळखलंत?" तो म्हणाला. "मी मात्र ओळखलं. सात वर्षं रोज हा चेहरा डोळ्यांसमोर होता. विसरणं शक्यच नाही. भांडायला नाही आलो. तेव्हा का बोलला नाहीत, एवढंच विचारायचंय."

ती बिचारी त्याला कुठल्या खाटेचा पेशंट ते विचारू लागली.

सिस्टर गप्प राहिली असती तर चालून गेलं असतं. चुकीच्या बाईला विचारून, उत्तर न मिळता, तो निघून गेला असता. तिने नाडी अर्ध्यावर सोडली, पेशंटचा हात चादरीवर ठेवला आणि मास्क खाली ओढला.

"ती मी," ती म्हणाली. "आणि मला तेव्हाही सगळं आठवत होतं."