हाडांतलं बिऱ्हाड

केसांतल्या पिना काढून तिने भाच्याच्या हातावर ठेवल्या आणि त्याच्या प्रयोगशाळेतल्या जाड पोलादी भिंतींच्या खोलीत जाऊन ती अरुंद पलंगावर आडवी झाली.

"हलू नकोस, आत्या."

"या वयात हलून जाणार कुठे?"

तरुणपणी ती घड्याळांच्या तबकड्या रंगवायची. अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं, आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, अशी कारखान्याची शिकवण. पोटात गेलेल्या रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत नेऊन बसवतं. शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण जबडा सडून गेली. आत्या वाचली. कशी, या कुतूहलापायीच भाचा किरणोत्सर्ग मोजणाऱ्या प्रयोगशाळेत शिरला होता.

तिच्या अंगातल्या रेडियमचा आजचा आकडा पाहून त्याने पुन्हा मोजणी लावली. आकडा तोच आला. गेल्या खेपेपेक्षा बराच कमी.

"आत्या, उतरलंय!"

"निघालं का मेलं एकदाचं!" तिने टाळीच वाजवली.

भाच्याला मात्र चैन पडेना. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. मग हे गेलं कुठे? त्याने तिच्या हाडांची घनता तपासून घेतली आणि अहवाल हाती येताच तिचं घर गाठलं. ती उशांना अभ्रे घालत होती.

"तुझी हाडं विरळ झालीत. हाड झिजतं, तसं त्यातलं रेडियमही सुटून बाहेर पडतं."

"म्हणजे घर पडायला आलं म्हणून भाडेकरू पळाला?"

तो हसला.

"झीज थांबवायची गोळी आहे. पण हाड टिकलं की उरलेलं रेडियमही आतच टिकणार."

"आणि नाही घेतली तर?"

"एखाद्या दिवशी नुसत्या शिंकेने बरगडी मोडेल."

आत्याने अंगठ्याने मनगटाचं हाड दाबून पाहिलं. मग दुसऱ्या हाताचं. अर्धवट घातलेला अभ्रा उशीवरून लोंबत होता.

"गोळी जेवणाआधी की नंतर?"

"सकाळी उपाशीपोटी. वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं."

आत्याने खुर्ची ओढली आणि ताठ बसून पाहिलं.