भिंतीचा रकाना

आईने तिसरा स्वेटर डोक्यातून घातला आणि तिचा चष्मा आतच अडकला. ती आतून काहीतरी बोलली, पण ते लोकरीतून गाळून बाहेर आलं.

‘‘काय म्हणतेयस?’’ मी ओरडले.

चष्म्यासकट डोकं बाहेर आलं. ‘‘म्हणतेय, ही अक्कल कोणाची?’’

बाबाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी बाबाकडे. दोघंही खरे होतो. कल्पना माझी आणि किल्ल्या त्याच्या.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बाबाच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराशी उभे होतो. आत उणे अठरा. वाटाण्यांची, मक्याची, माशांची खोकी छतापर्यंत. एवढ्या थंडीत सुट्टीच्या दिवशी कोणी शहाणं माणूस जात नाही, पण आम्ही परदेशी राहायला जाण्याची रंगीत तालीम करायला आलो होतो.

झालं असं होतं. बाबा या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं मेकॅनिक आहे. त्याच्या मालकांनी परदेशात दोन शहरांत दोन नवी कोल्ड स्टोरेज घेतली आणि बाबाला म्हणाले, ‘‘मिस्त्री, दोन्हीकडे जुना माणूस हवा. तुम्ही कुठलंही निवडा, बायको-मुलीला घेऊन जा. पण पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, फॉर्म माझ्या टेबलावर पाहिजे.’’ काम सारखं, पगार सारखा, राहायच्या खोल्याही दोनच. वेगळं होतं ते फक्त शहर.

बाबाने त्या शहरांना लगेच नावं दिली, चेंबर एक आणि चेंबर दोन. चेंबर एक म्हणजे वर्षातले आठ महिने थंडी, बर्फ, आणि हवामानशास्त्र शिकवणारं असं कॉलेज की त्याचं माहितीपत्रक मी उशीखाली घेऊन झोपायचे. चेंबर दोन समुद्राकाठी. उकाडा, दमट हवा, आणि माझी शाळा बसने दीड तासावर.

मला काय हवं होतं हे आमच्या घरात भिंतींनाही माहीत होतं. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘उपस्थित’ म्हणाले तरी बाई विचारायच्या, कोण उंदीर आहे का वर्गात? यंदा मी वादविवादाची ढाल जिंकली. तेव्हापासून मी आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा तीन मुद्द्यांत सांगते. बाबा मला भोंगा म्हणतो. जेवताना मी चेंबर एकच्या बाजूने इतकी बोलले की एकदा आई म्हणाली, ‘‘भोंगाबाई, घास गिळा, मग बर्फ पाडा.’’

आईचं मत मात्र अडून बसलं होतं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. तिचे गुडघे थंडीत कुरकुरतात. तरी तिने उरलेल्या जाड अस्तरातून माझ्यासाठी लाल कोट शिवून ठेवला होता. गुडघ्यांनी विरोध करायचा आणि हातांनी कोट शिवायचा, अशी आमची आई.

बाबा काहीच बोलत नव्हता. त्याची कामाची एक रीत आहे, ‘आधी हात, मग पाना.’ कुठलंही मशीन बिघडलं की तो ते लगेच खोलत नाही. आधी त्याच्याजवळ बसतो, तळहात टेकवतो, पाव तास गप्प राहतो. मग म्हणतो, ‘‘बेअरिंग.’’ आणि ते बेअरिंगच असतं. शहराला हात कसा लावणार? म्हणून त्याने इंटरनेटवर दोन्ही शहरांतल्या चौकांचे कॅमेरे शोधून काढले. दिवसभर रस्ता दाखवत बसतात ते. पंधरा दिवस कामावरून आला की तो ते दोन रस्ते बघत बसायचा आणि कोल्ड स्टोरेजच्याच तक्त्यांवर नोंदी करायचा. वेळ, तापमान, ओलावा हे छापील रकाने. पुढचे त्याने पट्टीने आखलेले. आणि सगळं पेन्सिलीने, कारण आत शाई गोठते आणि सवय बाहेरही सुटत नाही.

मी ते तक्ते चोरून वाचायचे. चेंबर एक: ‘उणे चार. बर्फ. माणसं भरभर, मान खाली. एका कुत्र्याला चार बूट.’ दुसऱ्या दिवशी: ‘वाचनालयाबाहेर मुलींचा घोळका. मोठ्याने हसतात. भोंग्याचं जमेल.’ चेंबर दोन: ‘एकतीस. दमट. बाकावर कालचेच दोन म्हातारे. तासभर भांडले, एकाच छत्रीतून घरी गेले.’

शेवटचा रकाना होता ‘भिंत’. चेंबर दोनच्या तक्त्यात तिथे रोज काहीतरी होतं, ‘मासळीबाजाराची मागची, तीन ते साडेपाच’ असं काहीतरी. चेंबर एकच्या तक्त्यात नुसत्या आडव्या रेघा.

‘‘भिंत कशाला रे?’’ मी विचारलं होतं. ‘‘रंगकामाचं कंत्राट घेतलंयस?’’

‘‘असू दे गं. सवय,’’ तो म्हणाला होता.

तर तालीम. आईचे गुडघे उणे अठरामध्ये दहा मिनिटं टिकले तर उणे चारचं काय घेऊन बसलात, असा माझा बिनतोड मुद्दा होता. वाटेत मशीनरूम लागते. बाबाने जाता जाता कॉम्प्रेसरला गाल लावला. हल्ली तो तळहाताऐवजी असंच करायचा.

‘‘पापी घेतोयस का त्याची?’’ मी म्हटलं.

‘‘बावीस वर्षांचा संसार आहे,’’ बाबा म्हणाला. आईने त्याच्या पाठीत एक चापट मारली. ती हातमोज्यातून कापसासारखी पडली.

मग प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला करून आम्ही आत गेलो आणि दार मागे धप्पकन बसलं. पहिल्या श्वासाला माझ्या नाकातले केस कडक झाले. डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच थबकलं.

‘‘कसं वाटतंय?’’ मी आईला विचारलं. दात वाजत होते ते बोलण्यात लपवत होते.

‘‘छान वाटतंय,’’ आई म्हणाली आणि चक्क उठाबशा काढू लागली. ‘‘कुरकुर नाहीये गं! गुडघेपण गोठले वाटतं.’’

‘‘बघ! बाबा, लिहून घे. गुडघे उत्तीर्ण.’’

बाबाने तक्त्याची पाटी काढली, उजव्या हाताचा मोजा दाताने ओढला आणि पेन्सिल धरली. पेन्सिल पडली. तो वाकला. फरशीवर पातळ बर्फ होता, पेन्सिल त्यावर जराशी घसरली. त्याने चिमटीत धरली, ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मी हसले. मला वाटलं, तो आम्हाला हसवायला करतोय. तिसऱ्यांदा त्याने आपल्या हाताकडे नुसतं बघितलं, जसा कोणी दुसऱ्याच माणसाचा हात बघावा तसं, आणि मी हसायची थांबले.

आईने खाली बसून पेन्सिल उचलली. त्याला दिली नाही. त्याचा हात हातात घेतला. चार बोटं पेरापर्यंत पांढरी होती. मेणबत्तीसारखी.

‘‘बाहेर चला,’’ ती म्हणाली. दहा मिनिटं व्हायला अजून सहा बाकी होती.

बाबा बाहेर पडला तो सरळ इमारतीच्या मागे गेला. मागची भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे आणि सकाळभर तिच्यावर ऊन असतं. तिथे छातीच्या उंचीवर रंग उडालेले दोन डाग होते. बाबाने दोन्ही तळहात बरोबर त्या डागांवर टेकवले.

स्टुलावर बसलेले वॉचमनकाका म्हणाले, ‘‘काय मिस्त्री, रविवारीपण? आज तुमचं ऊन वाट बघून दमलं की!’’ मग त्यांना आम्ही दिसलो. त्यांनी कान खाजवला आणि फाटकाकडे काहीतरी महत्त्वाचं काम असल्यासारखे निघून गेले.

‘‘किती दिवस झाले हो?’’ आईने विचारलं.

‘‘तीन हिवाळे.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीत.’’

‘‘सांगितलं असतं तर तू मला पडद्यात शिवून टाकलं असतंस.’’

आई हसली नाही. ‘‘आधी हात, मग पाना म्हणत गावभर फिरता. आणि हातच...’’

‘‘हात आहेत गं,’’ बाबा म्हणाला. ‘‘जरा उशिरा ऐकतात, एवढंच. डॉक्टर म्हणाले, थंडीतून आलं की ऊब द्या. मी देतो. पाव तासात परत येतात माझे मला.’’

मला एकदम कॉम्प्रेसरला लावलेला गाल आठवला. मग भिंतीचा रकाना आठवला. मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि घडी केलेले तक्ते काढले. चेंबर एकचे पंधरा दिवस, पंधरा रेघा. बिचारा पंधरा दिवस परक्या शहरात ऊन पडणारी एक भिंत शोधत होता.

‘‘तिथे वाचनालयाची भिंत होती,’’ बाबा ओशाळून म्हणाला. ‘‘चांगली दगडी. पण तोंड उत्तरेला.’’

तक्त्यांच्या आत मालकांचा फॉर्म होता. त्यावर पेन्सिलीने, त्याच्या गोल गोल अक्षरात, आधीच चेंबर एकच्या शहराचं नाव लिहिलेलं होतं.

‘‘हे कधी लिहिलंस?’’

‘‘पहिल्याच दिवशी.’’

‘‘मग पंधरा दिवस बघत काय होतास?’’

‘‘बघायला काय जातं?’’ बाबा म्हणाला. ‘‘तुझं कॉलेज आहे ना तिथे. फक्त हिचे गुडघे टिकतात का, एवढंच राहिलं होतं.’’

म्हणजे परीक्षा आईच्या गुडघ्यांची चालली होती आणि नापास होणारा शांतपणे पर्यवेक्षक बनून उभा होता! मला भयंकर राग आला. मी त्याच्याच पाटीला लावलेलं खोडरबर घेतलं, फॉर्म भिंतीला टेकवला आणि खसाखसा खोडायला लागले.

‘‘ए भोंगा! काय करतेस?’’

‘‘माननीय परीक्षक आणि उपस्थित मातोश्री,’’ मी म्हटलं. ‘‘आज मी विरोधी बाजू मांडणार आहे. मुद्दा पहिला. दीड तास बस म्हणजे दीड तास श्रोते, आणि पळून जाता येणार नाही असे. मुद्दा दुसरा. जिला वादळं शिकायची आहेत तिने गरम समुद्राकाठी राहावं, वादळं तिथे जन्मतात. बर्फात काय, ते नुसतं पडून असतं.’’

‘‘आणि कॉलेज?’’

‘‘अठराची झाले की माझी मी जाईन. कॉलेजला काय पाय फुटलेत?’’

‘‘अगं, पण...’’

‘‘मुद्दा तिसरा,’’ मी म्हटलं आणि तोंड उघडलं. आवाजच आला नाही. ढाल जिंकल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. आई माझ्याकडे बघत होती. तिने तिन्ही स्वेटर अजून अंगातच ठेवले होते आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता.

‘‘तिसरा मुद्दा मान्य,’’ ती हळूच म्हणाली.

मी खिशातून माझं निळं पेन काढलं. चेंबर दोनच्या शहराचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. शाईने. बाबाने पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोडायचं नाही हे त्याला समजलं. मग त्याने एक तळहात फॉर्मवर टेकवला, मशीनवर टेकवतो तसा.

‘‘त्या लाल कोटाचं काय करायचं मग?’’ आईने विचारलं.

‘‘दोन वर्षांनी लागेल,’’ मी म्हटलं. ‘‘बाह्यांना जरा कापड सोडून ठेव.’’

घरी परतायची कोणालाच घाई नव्हती. आई वॉचमनकाकांच्या स्टुलावर बसून एकेक स्वेटर उतरवत होती. मी बाबाशेजारी उभी राहिले आणि माझे दोन्ही तळहात भिंतीवर टेकवले, त्याच्या हातांना लागून. भिंत तापलेली होती, भाकरीच्या तव्यासारखी नाही, झोपेतून उठलेल्या माणसासारखी. त्याच्या बोटांत रंग सावकाश परत येत होता. आधी अंगठ्याजवळ, मग पहिल्या पेरात, मग थांबला.

माझे हात केव्हाच गरम झाले होते. मी ते खाली घेतले नाहीत.